अर्ध्यावर थांबलेला उंट

जबलपूर,
मंगळवार, ९ डिसेंबर २०२५

चि. प्रतीक यास,
सुमेधाआत्याचे अनेक आशीर्वाद.

चारही संगणक अजून बालवर्गातच आहेत, आपापल्या टेबलावर, आणि चालू आहेत. आपल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष भय्यासाहेब यांनी आज सकाळी वर्गात बसून हे स्वतः पाहिलं आणि "इतवारपर्यंत राहतील" असं टेंपोवाल्यासमोर सांगितलं. एव्हाना तुला त्यांचा मेसेज आला असेल. त्यात "थोडी अडचण आहे" असं असेल. ती अडचण म्हणजे मी.

बाकी इकडे सर्व ठीक. थंडी पडली आहे. मटार आला आहे आणि तुझ्या आईने तो सोलून डबे भरायला सुरुवात केली आहे, म्हणजे तू आल्यावर रोज मटारच खाशील. तिचे गुडघे बरे आहेत. बाबांना सर्दी झाली आहे म्हणून ते फोनवर येत नाहीत, असं तिने तुला सांगितलं आहे. दादाची ती सर्दी तूर्त तशीच असू दे.

तू म्हणशील, आत्या, आजकाल पत्र कोण लिहितं, फोन करायचा. केला होता, बाळा. गेल्या आठवड्यात दोनदा. पहिल्यांदा मी म्हटलं, "प्रतीक, त्या मशीनचं असं आहे की..." आणि तू म्हणालास, "समजलं, तुला स्क्रीन मोठी पाहिजे." मला स्क्रीन मोठी नको होती. दुसऱ्यांदा मी म्हटलं, "मुलं आता..." आणि तू म्हणालास, "एकदम खूश ना? मला माहीत होतं." मग मीटिंग आली आणि तू गेलास. पत्राची एक सोय असते, मधे कुणाला बोलता येत नाही. म्हणून हे पत्र. सोबत एक खोकंही आहे. पत्र संपेपर्यंत ते उघडू नकोस.

दिवाळीत तू आलास आणि सुट्टीचे दोन दिवस आमच्या वर्गात घालवलेस, याचं मला फार अप्रूप वाटलं होतं. तुझ्या वयाची पोरं सुट्टीत झोपतात. तू जमिनीवर मांडी घालून बसलास, चारही मशीन उघडलीस, वीस वर्षांची धूळ काढलीस, आत नवीन सामान घातलंस. वर्ग झाडणाऱ्या बेबीताई तुला चहा देताना म्हणाल्या होत्या, "भैया, यात तर माझी एक बांगडीही निघंल." आणि खरंच एक निघाली. मशीन सुरू झालं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या. त्या खऱ्या होत्या. मलाही तेव्हा कळलं नव्हतं.

सुट्टी संपून शाळा सुरू झाल्यावर कळलं.

तुला वर्गातली पद्धत ठाऊक आहे, तूही त्यातूनच गेलास, पण साडेचार वर्षांचं असतानाचं कुणाला आठवतं? म्हणून सांगते. एका मशीनपुढे तीन मुलं. एकाच्या हातात माउस, बाकी दोघांचे हात पाठीमागे. हात मागे असले की तोंड पुढे येतं. "पडद्यामागे कोण" हा आपला खेळ सुरू होतो. चित्र खालून वर उघडत जातं. आधी जमीन दिसते, मग पाय दिसतात, मग पोट. आणि पोटापाशी आल्यावर ते थांबतं. अर्ध्यावर. ना पुढे जात, ना मागे. त्या वेळात वर्गात जो गोंधळ होतो तो म्हणजे आमची शाळा. "गाय!" "नाही रे, गायीचे पाय बघ." "म्हैस." "म्हैस काळी राहते." "घोडा आहे, मी पाहून राहिलो ना." भांडतात, समजावतात, एकमेकांना ओढतात. मग चित्र पूर्ण होतं आणि माझा त्या काळातला पातळ आवाज म्हणतो, "उंट."

तो आवाज ऐकायची कुणाला गरजच नसते. शब्द तोवर मुलांनी आणलेला असतो.

या मुलांना मराठी समजते, पण बोलत नाहीत. घरी आजी मराठीत विचारते, नातू हिंदीत उत्तर देतो. मी "काय खाल्लंस" म्हटलं की "रोटी" म्हणतात आणि पुढे गप्प. गाणी पाठ करतात, पण पाठ केलेलं म्हणजे बोलणं नव्हे. बोलायला काहीतरी अडायला हवं. आमच्या वर्गात उंट अडतो.

अस्मिताचं नाव मी तुला सांगितलं नव्हतं. तिचे वडील बँकेत आहेत, जूनमध्ये बदलीवर आले. आई मेघा सांगलीकडची. पोरगी जूनपासून शाळेत येत होती आणि एक अक्षर बोलत नव्हती. मराठीत नाही, हिंदीत नाही. डबा उघडायला हवा असला तर डबा घेऊन माझ्यापुढे उभी राहायची. गणपती झाल्यावर एक दिवस उंट अर्ध्यावर अडला, प्रथमेश "घोडा, घोडा" ओरडत होता, आणि ही हात पाठीमागे धरून म्हणाली, "मग याचे गुडघे काहून असे?"

सगळे तिच्याकडे वळले. प्रथमेशसुद्धा. ती पुढे म्हणाली, "उंट आहे. तो बसतो." नंतर कळलं की तिने पूर्वी कुठल्या तरी मेळ्यात उंट पाहिला होता आणि त्याच्यावर बसायला मिळालं नाही म्हणून रडली होती.

दुसऱ्या दिवशी मेघा तक्रार घेऊन आली. "बाई, ती घरी 'का'च्या जागी 'काहून' म्हणते. आमच्याकडे असं बोलत नाहीत." मी म्हटलं, "आमच्याकडे बोलतात. आणि तीन महिने ती इथे तुमच्याकडचंही बोलत नव्हती." ती तिथेच पायरीवर बसून हसली. डोळे पुसले का ते मी पाहिलं नाही.

आता दिवाळीनंतरचं ऐक. खेळ सुरू केला. पडदा, पाय, पोट, मान, "उंट." एका दमात. पुढचं. "हत्ती." पुढचं. "बदक." माउस ज्याच्या हातात तो टकटक करत राहिला. बाकी दोघांनी हात सोडले, मग एक खिडकीकडे गेला. कुणी भांडलं नाही. भांडायला वेळच नव्हता. भय्यासाहेब त्या आठवड्यात फेरीला आले होते. त्यांना वर्ग इतका शांत पाहून फार आनंद झाला. "वा, सुमेधाबाई, क्या डिसिप्लिन है," म्हणाले. "आधी तर मासळीबाजार लागून राहायचा."

मला वाटलं, मुलांना नवीन आहे, रुळतील. आठवडा दिला, आणखी एक दिला. अस्मिता माउस हातात आला की फार छान चालवते. भराभर. एक शब्द न बोलता. डबा उघडायचा असला की पुन्हा माझ्यापुढे डबा घेऊन उभी राहते.

यात तुझा दोष आहे असं मी म्हणत नाही. कुठलीही गोष्ट अडली की ती चालू करणं हे तुझं काम आहे, आणि तू ते चांगलं करतोस. मी एवढंच म्हणते की ती अडलेली नव्हती.

मग तुझी ती मेल आली. कार्यकारिणीत भय्यासाहेबांनी मोठ्याने वाचली. जुनी मशीन कितीही दुरुस्त केली तरी ती शेवटी भंगार आहेत, तुझी कंपनी प्रत्येक मुलाला एकेक टॅबलेट देईल, सोबत कानात घालायचे हेडफोन, म्हणजे एकाचा दुसऱ्याला त्रास नको. कार्यक्रम १४ तारखेला. त्याआधी जुनं सामान वर्गातून हलवावं, फोटोत येऊ नये. टाळ्या झाल्या. पूर्णिमाताई तर म्हणाल्या, "आपल्याच शाळेचा मुलगा, किती लक्ष ठेवून राहिला." मी हात वर केला. भय्यासाहेब म्हणाले, "बाई, तुमचाच भाचा आहे, आभार मानायचे तर इतवारी माना." मी म्हटलं, मला आभार मानायचे नाहीत, विरोध नोंदवायचा आहे. ते म्हणाले, "काहून?" मी म्हटलं, "कारण वर्ग गप्प झाला आहे." सगळे हसले. त्यांना वाटलं, मी थट्टा केली. शिक्षिकेने वर्ग गप्प झाल्याची तक्रार केलेली त्यांनी कधी ऐकली नव्हती.

मीटिंगनंतर बाहेर व्हरांड्यात भय्यासाहेबांनी मला बाजूला घेतलं. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, तुला ठाऊकच आहे त्यांचा स्वभाव. चार पिढ्यांचं सिव्हिल लाइन्समधलं घर, कुणाला टाकून बोलायची सवय नाही. म्हणाले, "सुमेधाबाई, तुम्ही थकल्या असाल तर सांगा. नवीन बाई पाहता येईल. टॅबलेट शिकलेल्या मुली आजकाल मिळतात." मी म्हटलं, "थकले की सांगीन. आज थकलेली नाही."

ही गोष्ट तुझ्या आईला सांगितलेली नाही. तूही सांगू नकोस.

आता आज सकाळचं. टेंपो दहाला आला. मी आदल्या दिवशी बेबीताईंना सांगून ठेवलं होतं, त्यामुळे मुलं नेहमीपेक्षा लवकर मशीनपुढे बसली होती. भय्यासाहेब दारात उभे, मागे टेंपोवाला आणि त्याची दोन माणसं. मी म्हटलं, "वर्ग चालू आहे."

"हो हो, चालू द्या. एकेक उचलू आम्ही."

"वर्ग चालू असताना बाहेरच्याने आत यायचं नाही, हा नियम तुमच्या वडिलांनी केला होता. पाटी दाराच्या वर आहे. यायचं असेल तर विद्यार्थ्यासारखं बसावं लागेल."

ते वर पाटीकडे पाहून हसले. "फार जिद्दी बाई आहात," म्हणाले, आणि जोडे काढून आत आले. बेबीताईंनी लहानातली लहान खुर्ची पुढे केली. मला वाटतं त्यांनी ती मुद्दाम निवडली. भय्यासाहेबांचे गुडघे हनुवटीला लागले. प्रथमेश त्यांना म्हणाला, "आजोबा, हात मागे." त्यांनी घेतले.

पडदा उघडला. जमीन. पाय. पोट. थांबला.

भय्यासाहेब पुढे वाकले. मग मला म्हणाले, "बंद पडलं का?"

मीही हात पाठीमागे घेतले.

"घोडा आहे," ते म्हणाले. अगदी अध्यक्षांच्या आवाजात.

प्रथमेश म्हणाला, "घोडा मी पण म्हणायचो आधी."

"मग काय आहे?"

"सांगू नाही राहिलो. तुम्ही पाहा ना."

"गाय?"

"आजोबा, गायीचे असे गुडघे राहतात का?" आणि मग तिन्ही मुलं एकदम सुरू झाली. शेजारच्या मशीनवरचीही उठून आली. कुणी त्यांच्या गुडघ्याला हात लावून दाखवलं की हा असा, तो तसा. एक पोरगी उंट कसा बसतो ते करून दाखवायला लागली आणि पडली. दारातून टेंपोवाल्याने विचारलं, "साहब, उठाएँ कि नहीं?" आणि भय्यासाहेब पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "रुको जरा."

तेवढ्यात उंट पूर्ण झाला. भय्यासाहेबांचं तोंड असं झालं की जणू डावात कुणी त्यांचा पत्ता उघडा पाडला. "अच्छा," म्हणाले. "चलो." पण उठले नाहीत. पुढचं चित्र पाहिलं. तेही चुकले.

अस्मिता आज बोलली नाही. तुला पटावं म्हणून मी इथे खोटं लिहिणार नाही. ती आपल्या मशीनवरून उठून भय्यासाहेबांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली, हात पाठीमागे. बस एवढंच. पण गेला महिनाभर ती कुणाच्याही मागे उभी राहायला आली नव्हती.

जाताना भय्यासाहेब जोडे घालत म्हणाले, "हे तर प्रतीकने काढून टाकलं होतं ना? थांबणं?"

"हो."

"मग परत कुणी घातलं?"

मी म्हटलं, "ज्याने पहिल्यांदा घातलं होतं त्याने."

तर आता खोकं. त्यात तू दिवाळीत बसवलेल्या चार डिस्क आहेत, प्रत्येक वेगळ्या मऊ कापडात. एकही बिघडलेली नाही. जुन्या डिस्क तू कचऱ्याच्या डब्यात टाकल्या होत्यास. आमच्या बेबीताई टिकलीचं पाकीटसुद्धा टाकत नाहीत, त्यांनी त्या उचलून खडूच्या कपाटात ठेवल्या होत्या. तू घातलेल्या नव्या व्यवस्थेवर जुना खेळ उघडेना. म्हणून दादाने मशीन पुन्हा उघडली आणि सगळं पहिल्यासारखं केलं. ओमतीच्या बाजारातून दोन वायरी आणाव्या लागल्या, बाकी सगळं घरचंच. परवा रविवारी आम्ही दिवसभर वर्गात होतो. तुझी आईही आली होती, मटार घेऊन.

तुझी वस्तू परत पाठवते आहे, तुझी माया परत पाठवत नाही. हा फरक तुला कळेल इतका तू मोठा आहेस.

आणि आता सर्दीचं. दादाला सर्दी झालेली नाही.

तुला तो दिवस आठवतो का ते मला माहीत नाही. पाडव्याची दुपार होती. मशीन तयार झाली म्हणून तू आम्हाला दाखवायला बोलावलंस. मी, तुझी आई, दादा, बेबीताई. तू उंट एका दमात आणून दाखवलास आणि म्हणालास, "पाहिलं? मशीन हळू नव्हतीच. बाबांनी प्रोग्राममध्येच रिकामा थांबा ठेवला होता. काही काम नव्हतं त्याचं. काढून टाकला." हे तू हसत म्हणालास, प्रेमाने म्हणालास. दादा मशीनपाशी उभा होता. तो म्हणाला, "ती चू..." आणि अडला. जसा तो नेहमी अडतो. आणि तू त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, "चूक होती, हो बाबा. होतं असं. तेव्हा कुणाला काय समजायचं."

दादाने तोंड मिटलं. आम्ही फराळाला गेलो.

त्याला ते म्हणायचं नव्हतं, प्रतीक. काय म्हणायचं होतं ते मी लिहिणार नाही. ते वाक्य त्याचं आहे. पण मी काय पाहिलं ते मला सांगता येईल.

तू तेव्हा बालवर्गात होतास. दादाच्या फॅक्टरीने जुने संगणक काढले, ते त्याने मंडळासाठी मागून आणले आणि पुस्तकं वाचून वाचून हा खेळ तयार केला. पहिल्यांदा तयार केला तेव्हा चित्र एका दमातच यायचं, जसं तू आत्ता केलंस तसं. मग तो फॅक्टरीची दुसरी पाळी असली की सकाळी वर्गात यायचा आणि मागच्या भिंतीशी बसून राहायचा. मला वाटायचं, मशीन पाहतो आहे. तो मुलांची तोंडं पाहत होता. मी काही विचारलं आणि एखादं मूल ओठ हलवायला लागलं की तो तिकडे पाहायचा, शब्द बाहेर येईपर्यंत. आणि मी घाईने दुसऱ्याला विचारलं की मान खाली घालायचा. असे कितीतरी दिवस. नंतर एक दिवस उंट अर्ध्यावर थांबायला लागला. मीही विचारलं होतं, "दादा, बिघडलं का रे?" त्याने नाही म्हणून मान हलवली आणि मला म्हणाला, "तू पण... थांब." ते दोन शब्द यायला जेवढा वेळ लागला, जवळपास तेवढाच उंट थांबतो. मी घड्याळ लावलेलं नाही. पण मी त्याची बहीण आहे, मला तेवढा वेळ पाठ आहे.

त्याचं लहानपण तू पाहिलेलं नाहीस. शाळेत तो उभा राहिला की मास्तर म्हणायचे, बस, पुढचा. उत्तर त्याला यायचं. दर वेळी यायचं.

आणि तुझं लहानपण मी पाहिलं आहे. गोलबाजारात दादा दुकानदारापुढे अडला की तू पुढे होऊन शब्द द्यायचास. "बाबांना छत्री पाहिजे." "बाबा म्हणतात, दुसरा रंग दाखवा." लोक म्हणायचे, पोरगा किती हुशार. आम्हीही म्हणायचो. दादाही हसायचा. तेव्हा तू एवढासा होतास आणि ती माया होती, आत्ताही आहे. पण तेव्हा तू त्याच्याकडे वर मान करून पाहायचास आणि मग बोलायचास. आता पाहत नाहीस. आता वाक्य सुरू झालं की तू ते संपवतोस, आणि ते कुठे निघालं होतं हे विचारत नाहीस. तुझी आई लग्न होऊन आली तेव्हा पहिल्या आठवड्यातच तिला हे उमगलं. दादा अडला की ती हातातलं काम काढते. भाजी निवडते, मटार सोलते. त्याच्याकडे पाहतही नाही. तिला वाटतं, माणसाला आडोसा लागतो.

म्हणून दादा फोनवर येत नाही. रागावलेला नाही. तो म्हणतो, फोनवर तर तोंडही दिसत नाही, प्रतीकला वाटतं लाइन गेली.

आता येत्या रविवारचं सांगते आणि पत्र संपवते.

टॅबलेट येऊ देत. मी त्यांना कपाटात टाकणार नाही, मोठ्या वर्गांना त्यांचा उपयोग होईल. हेडफोन मात्र माझ्या वर्गात येणार नाहीत. संगणक हलणार नाहीत. फोटोत ते दिसत असतील तर दिसोत, फोटो त्यांच्यापेक्षा महत्त्वाचा नाही. तुझ्या कंपनीने म्हटलं की एकतर हे नाहीतर ते, तर मग हेच. आणि नवीन बाई पाहायची असेल तर भय्यासाहेबांनी ती खुशाल पाहावी, तिलाही मी आधी लहान खुर्चीवर बसवीन. मी राजीनामा देणार नाही. काढलं तर दुसऱ्या दिवशी डबा घेऊन येईन आणि बेबीताईंशेजारी बसेन.

कार्यक्रमाआधी मंडळाची सभा अकराला आहे, आमच्याच वर्गात, आणि संगणक राहणार की जाणार यावर तिथे मतं घेणार आहेत. मी भय्यासाहेबांकडून कबूल करून घेतलं आहे की मतदानाआधी खेळ दाखवायचा. मेघा आणखी आयांना घेऊन येणार आहे. ती म्हणाली, "बाई, मी बोलेन, पण माझं सांगलीचं मराठी चालेल ना?" मी म्हटलं, चालवून घेऊ.

आणि दादा बोलणार आहे.

हे मला काल कळलं. मी त्याला म्हटलं होतं, दादा, तू लिहून दे, मी वाचते. एवढी वर्षं गणपतीत तो मागे राहून दिवे आणि माइक सांभाळत आला, पुढे कधी आला नाही. त्याने मान हलवली. म्हणाला, "मी... बोलेन." मी भय्यासाहेबांना फोन केला. ते म्हणाले, "हो हो, द्या पाच मिनिटं." दादाला सांगितलं तर तो हसला, आणि सावकाश म्हणाला, "पाच मिनिटांत... माझा नमस्कार होईल." तुझ्या आईला इतकं हसू आलं की मटाराचं ताट सांडलं.

तू पहिल्या रांगेत बसशील, पाहुणा म्हणून. दादा उभा राहील. पहिला शब्द येईल, कदाचित दुसराही. मग तो अडेल. तेव्हा मंडळातली सगळी माणसं तुझ्याकडे पाहतील, कारण सगळ्यांना सवय आहे की इथे प्रतीक बोलतो. भय्यासाहेब तर नक्की पाहतील. तुझी जीभ वळवळेल. शब्द तुला माहीत आहे असं वाटेल. हवं तर तोंडात सुपारी धर. हात मागे घे. आणि त्याच्याकडे पाहवत नसेल तर तुझ्या आईच्या हातातलं मटाराचं ताट घे आणि सोल.

शनिवारी स्टेशनवर तुला घ्यायला मी येणार नाही, दादा एकटाच येईल. त्याने तसं सांगितलं आहे. तुमच्या दोघांत एक वाक्य दिवाळीपासून अर्ध्यावर उभं आहे, आणि माझा अंदाज आहे की तो ते सभेपर्यंत ठेवणार नाही. गाडीतून उतरल्यावर त्याने तोंड उघडलं, तर सामान उचलू नकोस, रिक्षा बोलावू नकोस, पाया पडायची घाई करू नकोस. फलाटावर गर्दी असेल, लोक धक्के देतील. देऊ देत. उभा राहा.

न हटणारी,
तुझी सुमेधाआत्या